नोंद झाली, शोध थांबला

एप्रिल २००९ मध्ये गोवा पोलिसांनी फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याच्या महानंद नाईक या रिक्षाचालकाला एका तरुणीच्या खुनाच्या संशयावरून पकडले. चौकशीत तो जे सांगत गेला, ते ऐकून सारा गोवा हादरला. १९९४ पासून आपण १६ जणींना मारल्याची कबुली त्याने दिली. पद्धत ठरलेली होती. गरीब घरातली, लग्न न जमलेली मुलगी हेरायची आणि लग्नाचे वचन देऊन तिचा विश्वास मिळवायचा. मग घरच्यांना भेटायला जायचे आहे, तेव्हा दागिने घालून ये, असे सांगून तिला निर्जन जागी न्यायचे आणि तिच्याच दुपट्ट्याने गळा आवळायचा. दागिने सोनाराकडे मोडले जात. पंधरा वर्षे हे चालू होते आणि हा माणूस त्याच मुलखात रोज रिक्षा चालवत होता.

गोवा म्हणजे तेव्हा जेमतेम दोन जिल्ह्यांचे राज्य. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. एवढ्याशा भूभागात १६ जणी नाहीशा होतात आणि त्यांना जोडणारा धागा कुणाच्याच हाती लागत नाही, हे घडले कसे? मुलगी घरी आली नाही की घरच्यांना वाटे, कुणाबरोबर निघून गेली असेल, कुठेतरी संसार करत असेल. बदनामीच्या भीतीने काही जण पोलीस ठाण्याची पायरी चढलेच नाहीत. जे चढले त्यांची तक्रार बेपत्ता म्हणून एका वहीत गेली. पुढे रानात किंवा पाण्यात एखादा मृतदेह सापडला, तर तो अनोळखी म्हणून, बहुधा दुसऱ्याच ठाण्याच्या दुसऱ्याच वहीत गेला. या दोन वह्या शेजारी ठेवून पाहणे हे कुणाचेच काम नव्हते.

त्याची किंमत खटल्यांत मोजावी लागली. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या न्यायालयात पुरावा ठरत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोठडीत मारहाण करून कुणाकडूनही काहीही वदवून घेता येईल. कबुलीला जोड लागते ती मृतदेहाची, ओळखीची, साक्षीदाराची. वर्षे उलटल्यावर यातले फारसे काही उरले नव्हते. मोजक्याच प्रकरणांत नाईकला जन्मठेप झाली, बाकीच्या अनेक खटल्यांत तो पुराव्याअभावी सुटला. त्या घरांना मुलगी परत मिळाली नाहीच, तिचे काय झाले याचा निकालही मिळाला नाही.

न उलगडलेला खून म्हटला की वाचकांच्या आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे विलक्षण बुद्धीचा खुनी उभा राहतो. मालिका आणि वेबसीरिजनी ही कल्पना पक्की केली आहे. प्रत्यक्षात आपल्याकडची बहुतेक जुनी प्रकरणे उघडून पाहिली, तर तिथे असा कुणी भेटत नाही. भेटतो तो पहिल्या आठवड्यात न विचारला गेलेला साधा प्रश्न, न घेतलेला जबाब, न पाठवलेला नमुना. गुन्हा जुना होत जातो तो या आठवड्यात.

रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात, गागोदे गावाजवळच्या जंगलात, मे २०१२ मध्ये एक अर्धवट जळालेला मृतदेह सापडला. गावकऱ्यांनी कळवले, पोलीस आले, पंचनामा झाला, अवशेषांचे नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात गेले. जंगलात माणूस जळालेल्या अवस्थेत सापडतो, तेव्हा खुनाचा संशय यायला कुणी गुप्तहेर असावे लागत नाही. तरीही ना खुनाचा गुन्हा दाखल झाला, ना अकस्मात मृत्यूची रीतसर नोंद झाली, असे पुढे चौकशीत उघड झाले. तीन वर्षे त्या अवशेषांना नाव नव्हते. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत बेकायदा पिस्तूल बाळगल्याच्या प्रकरणात एक वाहनचालक पकडला गेला, तो बोलला, आणि मग देशाला शीना बोरा हे नाव कळले. खटला अजून चालू आहे. आरोपी दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवील. पण तो चालक पिस्तुलासह सापडला नसता, तर पेणच्या त्या अवशेषांना आजही नाव मिळाले नसते.

अभिनेत्री लैला खान आणि तिच्या कुटुंबीयांची कहाणी याहून वेगळी नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये सहा माणसे एकाच वेळी दिसेनाशी झाली. २०१२ च्या जुलैत कुटुंबाच्या इगतपुरीतल्या फार्महाऊसच्या आवारात खड्डा खणल्यावर सहा सांगाडे मिळाले. तपासाला वाट सापडली ती जम्मू-काश्मीर पोलिसांनी लैलाचा सावत्र बाप परवेझ टाक याला पकडल्यामुळे. मे २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. एक अख्खे कुटुंब आपल्याच राज्याच्या मातीत सव्वा वर्षाहून जास्त काळ पुरलेले होते आणि उलगडा शेकडो कोसांवरून आला.

दोन्ही ठिकाणी उलगडा योगायोगाने झाला. आता प्रश्न असा की ज्यांच्या वाट्याला हा योगायोग येत नाही, त्यांचे काय?

ते किती आहेत याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा पुरे. केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात १३ लाखांहून अधिक मुली आणि महिला बेपत्ता झाल्याची नोंद झाली. महाराष्ट्रातल्या १८ वर्षांवरच्या महिला होत्या १,७८,४०० आणि मुली १३,०३३. यातल्या बहुतेक जणी परत येतात किंवा सापडतात, हे खरेच आहे. कुणी सासरच्या छळाला कंटाळून माहेरी गेलेली असते, कुणी मनाजोगते लग्न केलेले असते. सज्ञान बाईला घर सोडण्याचा पूर्ण हक्क आहे आणि ती सुरक्षित असेल तर तिचा पत्ता घरच्यांना देण्याची सक्ती कुणी करू नये. पण पावणेदोन लाखांहून अधिक जणींतल्या अगदी थोड्यांचे बरेवाईट झाले असेल, तरी ती संख्या हजारांत जाते. त्यांना बाकीच्यांतून वेगळे काढायचे कसे, हाच तर तपास. तिथे आपण गाळात आहोत.

मूल हरवले तर आता कायदा स्पष्ट आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये आदेश दिला की हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच शोध सुरू केला पाहिजे. या आदेशामागे नोएडाजवळच्या निठारीची सावली होती. तिथल्या गरीब वस्तीतली मुले एकामागून एक नाहीशी होत होती, आईबाप ठाण्यात खेटे घालत होते आणि २००६ च्या डिसेंबरात नाल्यातून सांगाडे निघेपर्यंत त्यांना कुणी विचारले नव्हते. त्या प्रकरणातले दोन्ही आरोपीही आता सुटले आहेत. म्हणजे त्या मुलांना कुणी मारले, याला कायद्याच्या दृष्टीने आज उत्तर नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाली, की मात्र चित्र पालटते. सज्ञान व्यक्ती हरवली तर गुन्हा दाखल होत नाही, ‘मिसिंग’ दाखल होते. चौकशी एखाद्या हवालदाराकडे जाते, ज्याच्याकडे आधीच समन्स बजावणी, बंदोबस्त, मोर्चा आणि गणपतीची मिरवणूक असते. नातेवाईकांना ‘येईल दोन दिवसांत’ असे सांगून परत पाठवले जाते. चोवीस तास थांबावे लागते हा समज तर इतका रुजला आहे की लोक स्वतःच थांबतात. कायद्यात अशी कुठलीही अट नाही. दरम्यान दुकानांच्या सीसीटीव्हीवर जुने चित्रीकरण पुसले जाऊन नवे चढत असते. मोबाइल कंपन्यांनी कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्यात असा नियम आता आहे, पण ती नोंद मागवायला हवी, आणि ती मागवायची तर कुणाला तरी संशय यायला हवा.

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांचे प्रकरण या सगळ्याचा सर्वांत कठोर पुरावा आहे, कारण तिथे हरवलेली व्यक्तीच पोलीस अधिकारी होती. नवी मुंबईत नेमणुकीला असलेल्या बिद्रे ११ एप्रिल २०१६ नंतर कुणाला दिसल्या नाहीत. हरवल्याची तक्रार जुलैत नोंदली गेली. अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला २०१७ उजाडले. पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या काळात, जानेवारी २०१७ मध्ये, त्याला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले होते. बिद्रे यांच्या मृतदेहाचे तुकडे करून ते वसईच्या खाडीत टाकल्याचे तपासात पुढे आले. खाडीत शोध झाला, हाती काही लागले नाही. शेवटी मोबाइलच्या ठावठिकाण्याच्या नोंदी आणि परिस्थितीजन्य पुराव्यांची साखळी जोडून खटला उभा राहिला. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकरला जन्मठेप दिली, आणि संशयिताला पदक मिळतेच कसे, असा प्रश्नही विचारला.

मृतदेह नसतानाही खून सिद्ध करता येतो, हे या निकालाने पुन्हा दाखवले. ही मोठी गोष्ट आहे. पण नऊ वर्षे बिद्रे कुटुंबाने उच्च न्यायालयापासून मंत्रालयापर्यंत जी धावाधाव केली, ती सगळ्यांना झेपणारी नाही. ऊसतोडीला गेलेल्या मजुराची बायको हरवली, बांधकामावरचा बिहारी पोरगा दिसेनासा झाला, तर त्यांच्यासाठी नऊ वर्षे कोण लढणार?

खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि आरोपी सापडलाच नाही, तर पुढे काय होते, हे सामान्य वाचकाला फारसे ठाऊक नसते. ठरावीक काळाने तपासी अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ‘ए समरी’ मागतो. गुन्हा खरा आहे, पण आरोपी मिळत नाही, असा त्याचा अर्थ. मंजुरी मिळाली की फाइल अभिलेख कक्षात जाते. कागदोपत्री ती कधीही उघडता येते. खुनाच्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात कालमर्यादा नाही आणि नवा धागा मिळाल्यास पुढील तपासाची तरतूदही आहे. पण धागा शोधायचा कुणी? तपासी अधिकाऱ्याची बदली झालेली असते. त्याच्या जागी आलेल्यावर कालच्या चोरीचा आणि उद्याच्या सभेचा भार असतो. जुनी फाइल चाळल्याबद्दल त्याला कुणी शाबासकी देत नाही आणि न चाळल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करा असे सांगितले ते सप्टेंबर २००६ मध्ये. तेव्हा शाळेत गेलेली मुले आज पोलीस भरतीला उभी राहत आहेत. ठाण्यातला फौजदार अजूनही सकाळी बंदोबस्ताला आणि संध्याकाळी पंचनाम्याला जातो.

एक प्रकार याहूनही वाईट. २०१४ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशातून रेल्वेने आलेली २३ वर्षांची सॉफ्टवेअर अभियंता मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली आणि घरी पोहोचली नाही. अकरा दिवसांनी कांजूरमार्गला महामार्गाकाठच्या झुडपांत तिचा मृतदेह मिळाला. फलाटावरच्या सीसीटीव्हीत एका माणसाबरोबर ती जाताना दिसली, त्यावरून अटक झाली, २०१५ मध्ये फाशी सुनावली गेली, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. लोकांच्या लेखी विषय संपला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आरोपीला निर्दोष सोडले. ज्या चित्रीकरणावर सारा खटला उभा होता, त्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कायद्याने लागणारे प्रमाणपत्रच जोडलेले नव्हते, आणि बाकीची साखळीही न्यायालयाला विश्वासार्ह वाटली नाही.

संशयाचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या शांततेबद्दल. त्या मुलीचा खून तर झाला आहे. अकरा वर्षांनी न्यायालय सांगते की हा माणूस दोषी ठरत नाही. मग खुनी कोण, याचा शोध पुन्हा सुरू करण्याचे बंधन आपल्या व्यवस्थेत कुणावरही नाही. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. राज्य सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. ते अपील फेटाळले गेले तर देशातला एक प्रचंड हत्याकांडाचा गुन्हा इतक्या वर्षांनी पुन्हा पहिल्या पानावर येईल, आणि ते पान वाचायला कुणी नेमलेले नसेल. देशात खुनाच्या गुन्ह्यांत आरोपपत्राचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास असते, हे पोलीस अभिमानाने सांगतात. शिक्षा मात्र निकाली निघालेल्या खटल्यांपैकी निम्म्याहून कमी प्रकरणांत होते. आरोपपत्र आणि शिक्षा यांच्यातल्या दरीत पडलेले खून हे न उलगडलेलेच खून आहेत. ते आपण तसे मोजत नाही, इतकेच.

जुनी प्रकरणे सुटतात कशी? केरळमधल्या सिस्टर अभया प्रकरणाकडे पाहावे. मार्च १९९२ मध्ये कोट्टायमच्या कॉन्व्हेंटच्या विहिरीत या तरुण ननचा मृतदेह सापडला. स्थानिक पोलीस आणि गुन्हे शाखा दोघांनीही आत्महत्या म्हटले. सीबीआयचा एक तपासी अधिकारी, वर्गीस थॉमस, खून आहे या मतावर ठाम राहिला आणि वरिष्ठांच्या दबावाचा आरोप करत त्याने मुदतीआधी नोकरी सोडली. अभयाच्या कपड्यांसारखा मुद्देमाल मधल्या मध्ये नष्ट झाला. सीबीआयने प्रकरण बंद करण्याचे अहवाल दिले, न्यायालयाने ते नाकारले. शेवटी २०२० च्या डिसेंबरात, २८ वर्षांनी, एक धर्मगुरू आणि एक नन दोषी ठरले. पुढे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अपिलाच्या निकालापर्यंत त्यांची शिक्षा स्थगित केली. खटल्यातला सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होता राजू नावाचा एक चोर. त्या पहाटे तो कॉन्व्हेंटच्या गच्चीवरच्या वीजरोधकाचे तांबे चोरायला चढला होता. खून स्वतःच्या अंगावर घ्यावा म्हणून पोलिसांनी त्याचा छळ केला, पैशांचे आमिषही दाखवले गेले, असे त्याने सांगितले. अनेक प्रतिष्ठित साक्षीदार एकेक करून फिरले, हा चोर २८ वर्षे आपल्या शब्दापासून हलला नाही.

पुण्यात २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घातल्या गेल्या. सुरुवातीला भलत्याच माणसांना अटक झाली. तपास सीबीआयकडे गेला, मुंबई उच्च न्यायालयाने अनेक वर्षे त्यावर देखरेख ठेवली, आणि खरी गाठ सुटली ती २०१८ मध्ये, पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाचा कर्नाटक पोलिसांनी कसून केलेला तपास आणि नालासोपाऱ्यातला शस्त्रसाठा यांच्यामुळे. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. सूत्रधार कोण, हे पोलिसांना आणि सीबीआयला शोधता आले नाही, असे न्यायालयाने निकालातच नोंदवले आहे.

या दोन्ही प्रकरणांत कुणीतरी फाइल बंद होऊ दिली नाही. विज्ञान त्यानंतर येते.

विज्ञानाची ताकद मोठी आहे, यात शंका नाही. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ साली दोन किशोरवयीन मुलींचे खून झाले होते. ॲलेक जेफ्रीज यांनी विकसित केलेल्या डीएनए चाचणीने आधी गुन्हा कबूल केलेल्या निरपराध मुलाला सोडवले आणि मग १९८८ मध्ये कॉलिन पिचफोर्क याला शिक्षा मिळवून दिली. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांत १३ खून करणारा जोसेफ डी’अँजेलो एप्रिल २०१८ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी पकडला गेला, तो दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या डीएनए माहितीवरून. पण त्यासाठी आधी जुना नमुना शाबूत असावा लागतो. व्हेंचुरा काउंटीतल्या १९८० च्या दुहेरी खुनात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी जास्तीचा एक संच काढून जपून ठेवला होता. ३८ वर्षांनी तोच उपयोगी आला. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत डोकावून पाहावे. लेबल गळालेली गाठोडी, वाळवी, पावसाचे पाणी. तिथे ३८ वर्षांनी काय मिळणार?

आणि अनोळखी मृतदेहांचे काय? ठरावीक दिवस शवागारात ठेवून, वर्तमानपत्रात चार ओळींचे निवेदन देऊन बेवारस म्हणून अंत्यसंस्कार होतात. त्याआधी प्रत्येक मृतदेहाचा डीएनए नमुना घेऊन जतन करावा आणि हरवलेल्यांच्या नातेवाइकांच्या नमुन्यांशी तो जुळवावा, ही मागणी घेऊन लोकनीती फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेले होते. कायदा आणतो, असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये न्यायालयाला सांगितले आणि याचिका निकाली निघाली. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, लोकसभेची मुदत संपल्याने बारगळले, त्याच वर्षी पुन्हा मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने मागे घेतले. खासगीपणाचे आक्षेप गंभीर होते. आरोपी, संशयित अशा सगळ्यांचे नमुने सरकारजमा करण्याला विरोध व्हायलाच हवा होता. पण बेवारस मृतदेहाला खासगीपण कसले, आणि स्वतःहून नमुना द्यायला आलेल्या आईचे कुणाला भय? एवढ्यापुरता छोटा, काटेकोर कायदा करायला काय हरकत होती, याचे उत्तर मिळायला हवे.

हा विलंब घराघरांत जगला जातो. सात वर्षे कुणाची खबर नसेल तर ती व्यक्ती मृत मानता येते, असे साक्ष्य कायदा सांगतो. तोवर नवऱ्याच्या खात्यातले पैसे अडकलेले, विम्याचा दावा थांबलेला, सातबाऱ्यावर वारस लागत नाही. बाई ना सवाष्ण, ना विधवा. मंगळसूत्र काढले तर लोक बोलतात, ठेवले तर पेन्शनचा कागद पुढे सरकत नाही. सात वर्षांनी दिवाणी न्यायालयात जाऊन आपला माणूस मेला असे समजा, अशी विनंती तिलाच करावी लागते.

महाराष्ट्राला उदाहरण शोधायला दूर जायला नको. मुंबईत डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांच्याकडे हरवलेल्यांचे काम होते. २००८ ते २०१५ या काळात हद्दीतून हरवलेल्या १६६ मुलींची त्यांची यादी होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६५ शोधल्या. राहिली एक, जानेवारी २०१३ मध्ये शाळेत जाताना अंधेरीतून पळवली गेलेली सात वर्षांची मुलगी. २०१५ मध्ये भोसले निवृत्त झाले, तरी तिचा फोटो घेऊन फिरत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, सोळा वर्षांची, आपल्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. कामाच्या ठिकाणच्या ओळखीच्या बाईने इंटरनेटवर तिचे नाव शोधल्यावर हरवल्याचे जुने पत्रक मिळाले. त्यावरच्या पाच फोन क्रमांकांपैकी चार बंद पडले होते. पाचवा, एका शेजाऱ्याचा, चालू होता.

एका साध्या ठाण्यात, एका सहायक फौजदाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय १६५ मुली घरी आणल्या, कारण ते काम त्याचे होते आणि यादी त्याच्या हातात होती. राज्याच्या गृह विभागाने हेच राज्यभर करावे. प्रत्येक आयुक्तालयात आणि परिक्षेत्रात जुन्या खुनांसाठी आणि बेपत्ता प्रकरणांसाठी कायमचे पथक हवे, त्याला बंदोबस्त लावता कामा नये. भोसलेंसारखे निवृत्त अधिकारी तिथे मानधनावर घेता येतील. ‘ए समरी’ झालेल्या प्रत्येक खुनाचा दर दोन वर्षांनी आढावा व्हावा आणि त्याची लेखी माहिती मृताच्या घरच्यांना मिळावी. खुनाच्या खटल्यात आरोपी अंतिमतः सुटला, तर ती फाइल आपोआप याच पथकाकडे जावी. आणि दर महिन्याला राज्यातल्या बेपत्ता नोंदी आणि अनोळखी मृतदेहांच्या नोंदी एकमेकींवर ठेवून तपासल्या जाव्यात. त्यासाठी लागणारे संगणक पोलीस ठाण्यांत केव्हाच बसवलेले आहेत.

तोपर्यंत ज्यांच्या घरातले माणूस हरवले आहे, त्यांनी काही गोष्टी धरून ठेवाव्यात. चोवीस तास थांबू नका. हद्द आमची नाही म्हणून कुणी परत पाठवू लागले, तर अपहरण किंवा घातपाताचा संशय स्पष्ट लिहून द्या. गंभीर गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने नोंदवून घ्यावीच लागते. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा दाखल असेल तर ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती सांगणे नव्या फौजदारी कायद्याने पोलिसांवर बंधनकारक आहे. ती लेखी मागा. प्रकरणात ‘ए समरी’ झाली आहे का, हे न्यायालयात विचारा. पत्रकावर द्याल तो फोन क्रमांक कितीही वर्षे गेली तरी बंद करू नका.